नायकी फँटम लुना: जागच्या जागी वळणाऱ्या स्ट्रायकरचा बूट

गोलकडे पाठ करून चेंडू घ्यायचा, बचावपटूला पाठीवर झेलायचं आणि त्याच पावलावर वळून फटका मारायचा, असा जिचा खेळ आहे त्या फुटबॉल स्ट्रायकरने फँटम लुना जरूर पायात घालून पाहावा. बचावफळीच्या मागे सरळ धावत सुटणं हीच जिची ताकद आहे, तिला याहून योग्य बूट मिळतील. आणि जिचा बहुतेक सराव मुरमाच्या मैदानावर होतो तिने हा घेऊच नये, पैसे वाया जातील.

हा बूट 2023 मध्ये, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या महिला विश्वचषकाच्या तोंडावर आला. महिला खेळाडूंना समोर ठेवून आखलेला बूट म्हणूनच नायकीने तो आणला, आणि त्या वेळी ही गोष्ट किती निकडीची होती हे स्ट्रायकरांच्या कारकिर्दींकडे पाहिलं की कळतं. इंग्लंडच्या बेथ मीडने 2022 च्या युरोमध्ये 6 गोल करून गोल्डन बूट हा पुरस्कार जिंकला आणि त्याच नोव्हेंबरात तिच्या गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटला. महिन्याभरात आर्सेनलमधलीच तिची सहकारी व्हिव्हियान मिडेमा त्याच दुखापतीने बाहेर गेली. अमेरिकेची कॅटरिना मकारिओ 2022 च्या जूनमध्येच जायबंदी झाली होती. तिघींचाही 2023 चा विश्वचषक हुकला. पुढे जानेवारी 2024 मध्ये मोरोक्कोतल्या सराव शिबिरात चेल्सीच्या सॅम करचा गुडघा गेला आणि ती मैदानात परतली थेट सप्टेंबर 2025 मध्ये, 20 महिन्यांनी. स्ट्रायकरची ऐन बहराची वर्षं मोजकीच असतात. त्यातली दीड-दोन अशी गेली तर पहिल्या चार पावलांचा वेग परत कमवावा लागतो.

एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी यांना बांधून ठेवणारा अस्थिबंध. तो पुष्कळदा कुणाचा धक्का न लागताच फाटतो: पाऊल जमिनीत रुततं, गुडघा किंचित वाकून आत झुकतो आणि वरचं शरीर मात्र वळत राहतं. मुलींमध्ये हे प्रमाण मुलांपेक्षा बरंच जास्त आहे. त्यामागे शरीररचना, स्नायूंची ताकद, सरावाची पद्धत, मैदानं अशी अनेक कारणं आहेत. बूट हे त्यातलं एकच. म्हणून कोणी ‘या बुटाने गुडघा वाचतो’ असं म्हणून तो विकत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका, तसं सिद्ध झालेलं नाही. पाऊल रुतून बसण्याची शक्यता कमी करायची, एवढाच या बुटाचा प्रयत्न आहे आणि तो विचारपूर्वक केलेला आहे.

बूट उलटा करा, म्हणजे तो प्रयत्न दिसेल. चवड्याखाली स्टड, म्हणजे जमीन पकडणारी तळाची टोकं, एका वर्तुळात मांडलेले आहेत. नायकी या मांडणीला सायक्लोन 360 म्हणते. नेहमीच्या वेगवान बुटात चवड्याखाली पात्यांसारखे लांबट स्टड असतात. ते सरळ धावताना जमीन घट्ट पकडतात, पण पाऊल जमिनीवर असताना टाच फिरवायला गेलात तर तीच पाती आडवी येतात. वर्तुळातल्या मांडणीत अंगठ्यामागच्या उंचवट्यावर भार टाकून फिरलं की सगळे स्टड एकाच गोलाच्या रेषेवरून सरकतात, त्यामुळे वळण सुरू होताना लागणारा तो झटका कमी होतो.

खेळात हे सगळ्यात जास्त कळतं ते अर्ध्या वळणात. चेंडू डाव्या पायाकडे येतोय, बचावपटू उजव्या खांद्याला चिकटली आहे, आणि स्ट्रायकर डाव्या पायाच्या बाहेरच्या बाजूने चेंडूला हलका स्पर्श करून उजव्या चवड्यावर फिरते. पात्यांच्या बुटात हुशार खेळाडू इथे नकळत एक छोटी उडी घेतात, पाय मोकळा करण्यासाठी. लुनामध्ये त्या उडीची गरज कमी भासते. पहिल्या खांबाकडे धाव घेऊन अचानक थांबणं आणि मागे सरकणं, यातही हाच फायदा. फटका मारताना टेकवायचा पाय मात्र आधी नीट रोवला गेला पाहिजे. ओल्या, मऊ गवतावर तो जराही घसरतोय असं वाटलं तर दोष स्टडच्या उंचीचा असतो. एफजी प्रकारचे स्टड कोरड्या ते किंचित ओलसर गवतासाठी असतात, चिखलासाठी नाहीत.

सरळ धावेत पहिल्या दोन पावलांना पात्यांच्या बुटाइतका चावा मिळत नाही. विंगरसारख्या खेळणाऱ्या स्ट्रायकरला हा फरक जाणवेल.

आता मापाकडे वळू, कारण बहुतेक पैसे इथेच बुडतात. युरोपियन क्लब असोसिएशनने 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 82 टक्के व्यावसायिक महिला खेळाडूंनी बुटांचा त्रास होतो असं सांगितलं. कारण साधं आहे. वर्षानुवर्षं पुरुषांच्या साच्यावरचा लहान आकडा मुलींना विकला गेला. लांबीच्या मानाने बाईची टाच अरुंद आणि चवडा रुंद असतो. म्हणून पुरुषी बूट चवड्याला बसला तर टाचेला ढिला होतो, टाचेला बसला तर करंगळी चेपते. टाच बुटात 3-4 मिलिमीटर वर-खाली झाली तरी फोड येतात, आणि त्याहून वाईट म्हणजे वळताना पाय बुटाच्या मागे राहतो.

माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. सामन्याचे मोजे घालून, टाच भिंतीला टेकवून, उभं राहून दोन्ही पाय मोजा आणि मोठा पाय धरा. बुटाच्या जिभेच्या आत असलेल्या पट्टीवर सेंटिमीटरचा आकडा छापलेला असतो, विश्वास त्यावरच ठेवा. नायकीत अमेरिकी पुरुष आणि स्त्री आकड्यांत दीडाचा फरक असतो, म्हणजे पुरुषांचा 6 हा स्त्रियांचा साडेसात. ऑनलाइन मागवताना हा गोंधळ हमखास होतो. बोटांपुढे 5 ते 8 मिलिमीटर जागा पुरे. ‘वाढत्या पायाला असू दे’ म्हणून एक आकडा मोठा घेणारे पालक मुलीचं नुकसान करतात, कारण मग बुटाचं वाकण्याचं ठिकाण बोटांच्या सांध्याखाली न येता पुढे सरकतं आणि प्रत्येक धक्क्याला तळव्यावर ताण येतो. दुकानातच तपासा: टाच एका हातात, टोक दुसऱ्या हातात धरून वाकवा. बूट चवड्यापाशी वाकला पाहिजे, मधोमध नाही.

घोट्याशी विणलेली कॉलर बुटकी आणि तिरकी आहे. ती घोट्याला आधार देते असा समज आहे, पण विणलेला कपडा मुरगळणं थांबवत नाही. तिचा उपयोग बूट पायाशी एकजीव वाटण्यापुरता. टाच घट्ट बसवण्याचं काम नाडीने करायचं. शेवटच्या दोन भोकांमधून त्याच बाजूला छोटा फास करा, समोरची नाडी त्यातून ओढा, मग खाली नाही तर मागच्या दिशेने ताणून गाठ मारा. चवड्यावरची नाडी सैल, वरची घट्ट. पायाच्या वर मुंग्या येत असतील तर मधल्या एका भोकात नाडी उलट न ओलांडता सरळ वर न्या.

बुटाचा वरचा भाग ग्रिपनिट नावाच्या चिकटसर धाग्याचा आहे. चेंडूचा पहिला स्पर्श थांबवायला तो छान, विशेषतः पायाच्या आतल्या कडेने. पातळ असल्याने बचावपटूचा पाय पडला तर लागतं, चामड्याच्या बुटाची ऊब इथे नाही. याला मेण किंवा चामड्याची पॉलिश कधीही लावू नका, धाग्याचा चिकटपणा जातो.

मैदानाचा प्रश्न सगळ्यात मोठा. आपल्याकडे एकाच मुलीला एका मोसमात गवत, कृत्रिम गवत, भाड्याच्या टर्फचा बॉक्स आणि शाळेचं मुरमाचं मैदान, चारही ठिकाणी खेळावं लागतं, आणि पालकांना वाटतं महाग जोडी सगळीकडे चालेल. तसं होत नाही. एफजी बूट कृत्रिम गवतावर घातले तर उंच स्टड रबराच्या दाण्यांत आणि तंतूंत जास्त अडकतात, म्हणजे ज्या कारणासाठी लुना घेतला तेच हातून जातं. तिथे आखूड आणि जास्त स्टडचा एजी प्रकार हवा. आखूड तंतूंच्या बॉक्स टर्फवर तर छोट्या रबरी गाठींचा टीएफच. मुरमावर स्टड रुततच नाहीत. सगळं वजन मोजक्या टोकांवर येतं, चवड्याखाली आग होते, आणि रोज तसंच खेळत राहिलं तर पायाच्या लांब हाडांना ताणाचे तडे जाऊ शकतात. मुरमासाठी साधा हजार-दीड हजाराचा रबरी तळ या वीस हजारांच्या बुटापेक्षा चांगला, हे अगदी मनापासून सांगतो.

किंमत तीच, वीस हजारांच्या आसपास, तीही वरच्या एलिट प्रतीची. खालच्या प्रतींत नाव लुनाच असतं, पण वरचं विणकाम आणि तळाची प्लेट वेगळी असू शकते. नाव वाचून नाही, तळ पाहून घ्या. लुनाची दुसरी आवृत्ती 2024 मध्ये आली आणि 2025 च्या फँटम 6 मध्ये ती गोल मांडणी पुढे नेली गेली, त्यामुळे मूळ लुना सवलतीत मिळू शकतो. एवढे पैसे घालायचे नसतील आणि अडचण फक्त टाच-चवड्याची असेल, तर लॉरा यंगसन यांनी सुरू केलेल्या आयडा स्पोर्ट्सचे बूट पाहा. ते पहिल्यापासून स्त्रीच्या पायाच्या साच्यावरच बनतात, अरुंद टाच आणि मोकळा चवडा. स्टडच्या हुशारीत लुना पुढे, बसण्यात आयडा.

बूट कुठलाही घ्या, फिफाचा 11+ हा सुमारे 20 मिनिटांचा सराव आठवड्यातून किमान दोनदा झाला पाहिजे. त्यात उडीनंतर गुडघे आत न झुकवता उतरायला शिकवतात, आणि गुडघ्यासाठी तेच खरं काम करतं. दोन्ही एकत्र चालू द्या.

निगा राखायची ती अशी. सामन्यानंतर स्टडमधली माती काडीने काढा, कोमट पाण्यात मऊ ब्रश, आतला तळ बाहेर काढून वेगळा वाळवा, बुटात वर्तमानपत्र कोंबून सावलीत ठेवा. गॅलरीतल्या उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवलेल्या बुटाचा गोंद मोसमाच्या आत सुटतो, आणि सुटतो तो नेहमी पुढच्या टोकापासून. टोकाशी नख घालून पाहा. फट दिसली तर लगेच मोच्याकडून चिकटवून टोकाला शिवण मारून घ्या, पूर्ण सुटल्यावर प्लेट परत सपाट बसत नाही. स्टड एका बाजूने जास्त झिजले असतील तर जोडी बदला, कारण वर्तुळाचा अर्धा भाग बसला की वळण एका दिशेला मोकळं आणि दुसऱ्या दिशेला अडखळतं. सवलतीतला जुना साठा घेताना जिभेवरच्या पट्टीचा कोड खोक्यावरच्या कोडशी जुळवून पाहा. नकली जोडीत हे दोन बहुधा जुळत नाहीत, आणि तिची प्लेट टाच-टोक धरून पिळली तर सहज पिळते.