दोन स्तंभांतली कविता: वर्षभराच्या वर्गणीनंतर

अंकाचं नाव घेत नाही. वर्गणीदारांना ओळखू येईलच. कागद बरा, मुद्रितशोधन चोख, अंक उशिरा. वाङ्मयीन नियतकालिकांच्या रिवाजाप्रमाणे सगळं. माझं भांडण एकाच गोष्टीशी आहे: हे लोक कविता दोन स्तंभांत छापतात.

स्तंभाची रुंदी कथेच्या सोयीची. मुक्तछंदातली लांब ओळ त्यात मावत नाही आणि उरलेला शब्द खाली घसरतो. घसरलेला शब्द जरा आत सरकवून लावायची साधी पद्धत आहे, तीही पाळत नाहीत. अभंगाचं निभावतं. मोठ्या अभंगाची सहा-सहा-सहा-चार अक्षरं कशीही मोडा, कान चरण जुळवून घेतो. गझलेत रदीफ, म्हणजे दर शेराच्या शेवटी पुन्हा येणारा तोच शब्द, सांगतो शेर कुठे संपला. मुक्तछंदात मात्र कवीने ओळ कुठे तोडली यावरच बरंचसं अवलंबून. ते डीटीपीवाल्याने ठरवायचं?

पावसाळ्यातल्या अंकात एका नव्या कवयित्रीची कविता होती, गिरणीत दळण ठेवून आलेल्या बाईची. त्यात ‘नाही’ तीनदा ओळीवर एकटाच. वाचताना फार धारदार वाटायचं. पुढे वाचनालयाच्या कार्यक्रमात तिनेच ती वाचली, तर तिन्ही ‘नाही’ आधीच्या ओळीला चिकटलेले, एका दमात. कविताच वेगळी, कितीतरी मवाळ! संपादकांना पत्र टाकलं. उत्तर आलं: जागेची अडचण. त्याच अंकात शुभेच्छांची अर्धपान जाहिरात ऐसपैस पसरली होती.

धुळ्याहून पुरुषोत्तम पाटलांनी १९८५ साली ‘कवितारती’ काढलं ते निव्वळ कवितेसाठी. कथेच्या मापाचं पान कवितेला नेसवायचा प्रश्नच नाही. इथे कविता म्हणजे कथा संपल्यावर उरलेली जागा.

वर्गणी बंदच करणार होतो. पण दिवाळीनंतर लघुगद्याचं सदर सुरू झालं आणि माझी पंचाईत झाली. पान-दीड पानाचे तुकडे, दोन स्तंभांत झकास बसतात. एकात एसटीच्या तिकिटामागे कंडक्टरने लिहून दिलेले आठ रुपये वसूल करायला माणूस आपला थांबा सोडून पुढे जातो. बस्स, एवढंच. कुणाचे डोळे पाणावत नाहीत, कुणाला काही उमगत नाही. बायकोला मोठ्याने वाचून दाखवला, तर ती म्हणाली, “तुमच्यावरच लिहिलंय.”

तेव्हा वर्गणी भरतोय, पण एकाच वर्षाची. त्रैवार्षिकात शंभर रुपये सुटतात, तरीही. तीन वर्षांचे पैसे कविता एका स्तंभात आल्यावर.