एकच मजकूर अनेक पानांवर: कोणती पद्धत निवडावी?

संकेतस्थळाच्या चाळीस पानांच्या तळाशी कार्यालयाची वेळ दिलेली आहे आणि उद्या ती बदलली, तर किती ठिकाणी हात घालावा लागेल, हा प्रश्न सॉफ्टवेअर निवडतानाच विचारायला हवा. पुढे कधीतरी विचारला, तर त्याचे उत्तर बहुधा ‘चाळीस’ असेच येते. एकदा बदलले की सगळीकडे बदलेल, असे आश्वासन जवळपास प्रत्येक साधन देते. मूळ मजकूर पानात नेमका केव्हा मिसळतो, यावर मात्र त्या आश्वासनाची किंमत ठरते.

ड्रीमवीव्हर या वेबपाने बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तो पान तयार करतानाच, तुमच्या संगणकावर मिसळतो. लायब्ररी नावाच्या फोल्डरमध्ये सामाईक मजकुराची एक छोटी फाइल राहते आणि प्रत्येक पानात तिची पूर्ण प्रत उतरते. प्रतीच्या मागेपुढे वाचकाला न दिसणाऱ्या कॉमेंट असतात, त्यांवरून सॉफ्टवेअर ती जागा ओळखते. मूळ फाइल जतन केली की ती वापरणाऱ्या पानांची यादी समोर येते आणि होकार दिला की सगळ्या प्रती बदलतात. या पद्धतीत तयार होणारे पान साधे आणि स्वयंपूर्ण असते, सर्व्हरकडून, म्हणजे संकेतस्थळ जिथे ठेवलेले असते त्या संगणकाकडून, कसलीही विशेष सोय लागत नाही. मात्र बदललेले प्रत्येक पान पुन्हा अपलोड करावे लागते. माझ्याकडून एकदा तीन पाने अपलोड करायची राहिली आणि एकाच संकेतस्थळावर दोन वेगवेगळे दूरध्वनी क्रमांक कित्येक दिवस सुखाने नांदले. संगणकावर सगळे बरोबर दिसत असल्यामुळे शंकाही आली नाही.

सर्व्हर साइड इन्क्लूड किंवा पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेतला इन्क्लूड यांत हा धोका उरत नाही, कारण वाचकाने पान मागितले की त्या क्षणी सर्व्हर तळपट्टीची, म्हणजे पानाच्या तळाशी येणाऱ्या सामाईक मजकुराची, फाइल उचलून पानात घालतो. एक फाइल अपलोड केली की काम संपले. मात्र सर्व्हरवर ही सोय चालू असावी लागते, आणि पान आपल्या संगणकावर नुसते उघडून पाहिले तर तळपट्टीच्या जागी काहीच दिसत नाही. पाने हाताने लिहिणाऱ्याला मी अजूनही हीच पद्धत सुचवेन.

संकेतस्थळाचा मजकूर तांत्रिक बाजू न जाणणारी माणसे बदलणार असतील, तर तुलना प्रामुख्याने वर्डप्रेस आणि वेबफ्लो या ब्राउझरमधूनच संकेतस्थळ सांभाळू देणाऱ्या साधनांत होते. वर्डप्रेसने २०१८ च्या अखेरीस, ५.० या आवृत्तीत, पुन्हा वापरता येणारे ब्लॉक, म्हणजे पानाचे तुकडे, आणले. २०२३ मधील ६.३ या आवृत्तीपासून त्यांना सिंक्ड पॅटर्न म्हणतात. पानात मजकूर न राहता त्या पॅटर्नचा फक्त क्रमांक राहतो, त्यामुळे प्रत जुनी राहण्याचा प्रश्नच येत नाही. अडचण वेगळीच येते: एखाद्या पानावरचा ब्लॉक दुरुस्त करताना आपण सगळीच पाने बदलत आहोत, हे नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही. एका पानापुरता फरक हवा असेल, तर पूर्वी पॅटर्न सोडवून घ्यावा लागे, म्हणजे त्या पानाचा मूळ मजकुराशी संबंधच तुटे. २०२४ च्या ६.६ या आवृत्तीत शीर्षक, परिच्छेद, बटण आणि चित्र यांच्यापुरती मुभा मिळाली. मांडणी सामाईक ठेवून त्यांतला मजकूर पानागणिक वेगळा ठेवता येतो. वेबफ्लोचे कंपोनंट, म्हणजे तिथले सामाईक तुकडे, या बाबतीत मला अधिक नेटके वाटतात, कारण काय सामाईक राहील आणि काय प्रत्येक पानावर बदलता येईल, हे कंपोनंट तयार करतानाच प्रॉपर्टीच्या रूपाने ठरवता येते. त्यामुळे संपादकाच्या हाती तेवढेच जाते, जेवढे त्याने बदलावे असे आपल्याला वाटते.

आतापर्यंतचे सगळे तळपट्टी, सूचना यांसारख्या अख्ख्या तुकड्यांविषयी झाले. वाक्याच्या पोटातला एखादाच शब्द सामाईक ठेवायचा असेल, तर जेकिल किंवा ह्यूगो यांसारखी, सगळी पाने आधीच तयार करून ठेवणारी साधने सरस ठरतात: डेटा फाइलमध्ये नाव, क्रमांक, वेळ लिहून ठेवायची आणि पानात तिचा संदर्भ द्यायचा, साइट नव्याने बांधली की सगळी पाने एकदमच तयार होतात. आकडे आणि वेळा यांना ही पद्धत चोख चालते. मराठी शब्दांना मात्र ती सहज चालत नाही. समजा, डेटा फाइलमध्ये ‘कार्यालय’ असे लिहिले आणि पानात त्याला ‘ात’ जोडून ‘कार्यालयात’ करून घेतले. पुढे कार्यालयाऐवजी ‘शाखा’ आली, तर पानावर ‘शाखाात’ असे विचित्र काहीतरी उमटेल, कारण ‘शाखा’चे सामान्यरूप ‘शाखे’ होते आणि ते साधनाला ठाऊक नसते. लिंग बदलले की ‘आमचे’चे ‘आमची’ करावे लागते, ते वेगळेच. उपाय दोनच आहेत: लागणारी सगळी रूपे डेटा फाइलमध्ये स्वतंत्र नोंदवायची, किंवा ते नाव वाक्यात न गुंफता ‘पत्ता:’, ‘संपर्क:’ अशा लेबलापुढे सुटे ठेवायचे. मी दुसरा पत्करते. वाक्य थोडे कोरडे होते, पण चुकत नाही.

ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टने मजकूर आणून भरण्याचाही मार्ग आहे. केवळ तळपट्टीसाठी तो घेऊ नये. स्क्रिप्ट अडली की मजकूरच गायब होतो.

शेवटी, साधन सोडायची वेळ आली तर काय हाती राहील, हेही निवडीआधी पाहून घ्यावे. ड्रीमवीव्हरची पाने जशीच्या तशी चालू राहतात. वेबफ्लोतून कोड बाहेर काढला, तर कंपोनंटचा मजकूर पानापानांत उतरलेला मिळतो, पण त्यांना जोडणारा धागा तुटतो आणि सीएमएसमधल्या, म्हणजे वेबफ्लोच्या मजकूर-साठ्यातल्या, नोंदी त्या कोडसोबत येत नाहीत. वर्डप्रेसमधल्या एखाद्या पानाचा कोड नुसता उचलून दुसऱ्या संकेतस्थळावर नेला, तर सोबत जातो तो केवळ क्रमांक, आणि तिथे त्या क्रमांकाचा पॅटर्न नसतो. म्हणून पॅटर्न आधी हलवून मगच पाने हलवावीत, आणि तिथे पॅटर्नला वेगळा क्रमांक मिळाला, तर पानांतला क्रमांकही बदलावा.