फोन कोंडायचा डबा: सात महिने वापरल्यावर

जुलै २०२५मध्ये सीए फायनलचा निकाल लागला. ग्रुप वन. एफआर (फायनान्शियल रिपोर्टिंग) ४६, एएफएम (ॲडव्हान्स्ड फायनान्शियल मॅनेजमेंट) ५५, ऑडिट ४२. तिन्ही पेपरांत चाळीसच्या वर, पण बेरीज १४३ आणि ग्रुप सुटायला तीनशेपैकी दीडशे लागतात. सात मार्कांनी गेला. बाबा काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त तीन वेळा बेरीज करून बघितली.

त्याच रात्री फोनमधलं डिजिटल वेलबीइंग, म्हणजे फोन किती वापरला ते दाखवणारी सोय, उघडलं. मागच्या आठवड्याची सरासरी रोज पाच तास दहा मिनिटं आणि दिवसाला नव्वदच्या वर अनलॉक. परीक्षेच्या आधीच्या महिन्यात हे आकडे फार वेगळे असतील असं स्वतःला पटवून बघितलं, पटलं नाही.

म्हणून तो डबा मागवला. टायमरचं कुलूप असलेला, ऑनलाइन १,७४९ रुपयांना. इथे सांगलीत दुकानात विचारलं तर दुकानदाराने मला पैशाचा गल्ला दाखवला. सात महिने झाले, परीक्षेनंतरचे पंधरा दिवस सोडले तर रोज वापरलाय, आणि मैत्रिणी सारख्या विचारतात म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

आधी वस्तू काय आहे ते. पारदर्शक प्लॅस्टिकचा चौकोनी डबा, साधारण किलोभर साखर मावेल एवढा. पांढरं जाड झाकण, त्यावर एक गोल चक्ती आणि छोटा पडदा. चक्ती फिरवली की मिनिटं, तास वाढत जातात. दाबली की पाचपासून उलटी मोजणी सुरू होते. त्या पाच सेकंदांत पुन्हा दाबलं तर रद्द. नंतर आतून 'खट्ट' आवाज येतो आणि मग वेळ संपेपर्यंत डबा कोणाचाही नाही. आजीने पहिल्या दिवशी बघून विचारलं, "अगं, फोनचं लोणचं घालतीयस का?"

घेताना एक गोष्ट बघा. बाजारात अशाच दिसणाऱ्या काही डब्यांना 'इमर्जन्सी' बटण असतं, ते काही वेळा दाबलं की झाकण उघडतं. तसला घेऊ नका. आपल्यासारख्यांची इमर्जन्सी रोज दुपारी सव्वातीनला येते.

याआधी बाकीचे सगळे उपाय करून झाले होते. डिजिटल वेलबीइंगमध्ये ॲपला वेळेची मर्यादा घालता येते, ती मी घातली. वेळ संपली की ॲपचं चिन्ह करडं पडतं. मग सेटिंगमध्ये जाऊन मर्यादा पंधरा मिनिटांनी वाढवायची, हे मला इतकं अंगवळणी पडलं की शेवटी डोळे मिटून करता येत होतं. स्क्रीन काळीपांढरी करून बघितली, तर रील काळीपांढरीही बघवते. फॉरेस्ट नावाचं ॲप आहे, त्यात अभ्यासाला बसताना झाड लावायचं आणि मध्येच ॲप सोडून गेलं की झाड वाळतं. कल्पना गोड आहे, पण माझ्या रानात वाळलेलीच झाडं जास्त होती. या सगळ्यांत घोटाळा एकच. चोर आणि पोलीस एकाच खोलीत राहतात. फोनपासून वाचवणारी वस्तू फोनमध्येच, आणि तिथे पोचायला फोन हातात घ्यावा लागतो.

पहिले दोन आठवडे वाईट गेले. मी रफ कागदाच्या कोपऱ्यात एक रेघ मारत होते, दर वेळी हात फोनच्या जागेकडे गेला की एक. पहिल्या दिवशी दोन तासांत ३१ रेघा. हात जायचा, टेबलाच्या रिकाम्या कडेवर आपटायचा आणि परत यायचा, मांजराने बशी चाटून बघावी तसा. तिसऱ्या आठवड्यात रेघा सहा-सातवर आल्या. पण त्या रेघांमुळेच एक गोष्ट कळली. मला वाटायचं की कंटाळा आला की मी फोन उचलते. तसं नव्हतं. प्रत्येक रेघ ज्या ओळीपाशी मारली होती ती ओळ बघितली, तर बहुतेक ठिकाणी मी अडले होते. कंटाळा आलाच नव्हता, पुढे काय करायचं ते सुचत नव्हतं.

ऑगस्टमधली एक संध्याकाळ नीट आठवते. कन्सॉलिडेशनचा मोठा सम, म्हणजे मूळ कंपनी (होल्डिंग) आणि तिच्या दोन उपकंपन्या (सबसिडियरी) यांचे हिशेब एकत्र करायचे. चाळीस मिनिटं खपून शेवटी बॅलन्सशीट टॅली होईना, ४२,०००चा फरक. फोन बाहेर असता तर मी उत्तराचा फोटो उघडला असता, आणि फोटो बघताबघता आणखी कुठेतरी पोचले असते. डब्यावर १ तास ६ मिनिटं शिल्लक होती. करायला दुसरं काहीच नव्हतं म्हणून त्या आकड्याकडे बघत बसले. मग आर्टिकलशिपमधल्या, म्हणजे सीएच्या उमेदवारीतल्या, सरांचं वाक्य आठवलं: फरक आला की आधी त्याला दोनने भाग. एकवीस हजार. वर्किंग नोट चारमध्ये (वर्किंग नोट म्हणजे उत्तराला जोडलेलं पोटगणित) स्टॉकमधला अनरिअलाइज्ड प्रॉफिट, म्हणजे अजून हातात न आलेला नफा होता, बरोब्बर २१,०००. रिझर्व्हमधून वजा केला होता, पण स्टॉकमधून वजा करण्याऐवजी मी तो मिळवला होता, म्हणून फरक दुप्पट. ती चूक मी परत केलेली नाही. उत्तर बघून समजून घेतलेल्या चुका मात्र मी आजही नव्याने करते.

माझ्या लेखी १,७४९ रुपये त्या दिवशी वसूल झाले. डब्याने माझी इच्छाशक्ती वाढवली नाही, ती जेवढी होती तेवढीच आहे. अडल्यावर पळून जायची वाट त्याने बंद केली, एवढंच.

आता डबा ठेवायचा कुठे. सुरुवातीला मी तो टेबलावरच ठेवत होते. पारदर्शक असल्यामुळे आत स्क्रीन उजळली की दिसायची, आणि फोन व्हायब्रेटवर असेल तर सगळा डबा भुंग्यासारखा गुणगुणायचा. कुलूप लागलेलं, तरी लक्ष तिकडेच. २०१७मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात याच विषयावर एक प्रयोग झाला होता. काहींचे फोन टेबलावर पालथे, काहींचे खिशात किंवा पिशवीत, काहींचे दुसऱ्या खोलीत, आणि सगळ्यांना डोक्याला ताण देणाऱ्या चाचण्या. दुसऱ्या खोलीत फोन असलेल्यांची कामगिरी टेबलवाल्यांपेक्षा सरस निघाली. नंतर इतरांनी तसेच प्रयोग केले तेव्हा सगळ्यांनाच हा फरक सापडला नाही, त्यामुळे त्याला ब्रह्मवाक्य मानायचं कारण नाही. माझ्यापुरतं मात्र उत्तर स्पष्ट होतं. फोन पूर्ण सायलेंट करायचा आणि डबा स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याशेजारी. मधे एक पॅसेज आणि आई.

ही आई या कहाणीत महत्त्वाची आहे, कारण सप्टेंबरमध्ये गॅसचं रामायण झालं. सिलिंडरची नोंदणी माझ्या नंबरवर. सकाळी अकराला सिलिंडर घेऊन माणूस दारात, "चार आकडी कोड सांगा." कोड माझ्या फोनवर, फोन डब्यात, डब्यावर १ तास १२ मिनिटं. आईने डबा हातात घेऊन उलटासुलटा केला, आतल्या फोनवर मेसेजची पट्टी दिसत होती पण स्क्रीन लॉक असल्याने मजकूर लपलेला. तो माणूस बिचारा दोन मिनिटं थांबला, मग सिलिंडर खांद्यावर टाकून गेला. घरातला चालू सिलिंडर त्याच संध्याकाळी संपला. "आता तुझा अभ्यास शिजवून घाल," आई म्हणाली, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री शेजारच्या काकूंकडून सिलिंडर आणला.

तेव्हा कळलं की डबा एकटा पुरत नाही. सिम बाहेर हवं. दुसऱ्या दिवशी हजार रुपयांचा कीपॅड फोन आणला आणि त्यात सिम घातलं, तर नेटवर्कच येईना. तासभर सिम पुसण्यात गेला. शेवटी दुकानदाराने सांगितलं की माझं सिम फक्त फोर-जीवर चालणाऱ्या कंपनीचं आहे आणि हा फोन टू-जीचा. वर सहाशे भरून फोर-जीचा कीपॅड फोन घेतला. तुम्ही घेणार असाल तर आधी हे विचारा, डबडं स्वस्त मिळालं म्हणून उचलू नका.

तेव्हापासून व्यवस्था अशी: कीपॅड फोन टेबलावर, त्यावर घरच्यांचे फोन आणि सगळे ओटीपी. स्मार्टफोन सिमशिवाय डब्यात. घरच्या वायफायवर व्हॉट्सॲप या महिन्यांत आधीसारखंच चाललं, पण डब्यातून बाहेर आल्यावर. एक धोका मात्र सांगून ठेवते. कीपॅड फोनमध्ये एफएम असतो. इयरफोन लावल्याशिवाय तो स्टेशन पकडत नाही हे माझं नशीब, म्हणून मी इयरफोनही डब्यात टाकले.

लॅपटॉप हे दुसरं भोक. लेक्चर लॅपटॉपवर, त्यामुळे तो कोंडता येत नाही. व्हॉट्सॲप वेबमधून बाहेर पडले. परत जोडायचं तर फोन लागतो आणि फोन कोंडलेला, त्यामुळे तो प्रश्न आपोआप मिटला. यूट्यूबसाठी ज्याने खरा फरक पडला ती युक्ती म्हणजे वॉच हिस्टरी पुसून बंद करणे. मग मुखपृष्ठावर एकही व्हिडिओ सुचवला जात नाही, नुसती पांढरी पाटी. जे शोधायचं ते टाइप करून शोधा. पहिल्यांदा तो रिकामा पडदा बघितला तेव्हा भाड्याची खोली सोडताना दिसते तसं वाटलं. शॉर्ट्स काय, रील काय, त्यांना 'पान संपलं' हा प्रकारच नाही. खाली सरकत राहायची ही सोय एझा रास्किन नावाच्या माणसाने २००६मध्ये बनवली आणि पुढे त्यालाच तिचा पश्चात्ताप झाला. निदान त्याला झाला.

वेळ किती लावायचा यावर बरीच खटपट केली. सगळे पोमोडोरो सांगतात, पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं सुट्टी. फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने १९८०च्या दशकाच्या शेवटी टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळावर ही पद्धत बसवली, आणि इटालियनमध्ये पोमोडोरो म्हणजे टोमॅटो, म्हणून ते नाव. ऑडिटचे स्टँडर्ड पाठ करायला ती चालते. एफआरच्या समला नाही, पंचविसाव्या मिनिटाला तुम्ही वर्किंग नोट तीनमध्ये असता आणि सुट्टी घेतली की धागा तुटतो. मी १ तास ५० मिनिटांवर स्थिरावले. शेवटच्या महिन्यात पूर्ण तीन तास, पेपरच्या वेळेइतके.

घरातल्या बाकीच्या फोनांवर डब्याचा इलाज नाही. माझा भाऊ शेजारच्या खोलीत आवाज मोठा करून रील बघतो. आमच्या जिल्ह्यातच कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे २०२२मध्ये रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजवून दीड तास गावातले टीव्ही, मोबाइल बंद ठेवायला सुरुवात झाली. मी घरी तसा प्रस्ताव मांडला. भाऊ हसला, आईने सातला मालिका असते याची आठवण करून दिली. अख्ख्या गावाने ठरवणं वेगळं आणि घरात एकटीने भोंगा होणं वेगळं. शेवटी कानात घालायचे कापसाचे बोळे.

आता तक्रारी. चक्ती पाचव्या महिन्यात सैल झाली. आता दोन तासांवर थांबवायला गेलं की कधी दोन, कधी चार, म्हणून दाबण्याआधी आकडा दोनदा बघावा लागतो. एकदा न बघता दाबलं आणि रात्री साडेअकरापर्यंत फोनशिवाय बसले (झोप छान लागली, ते वेगळं). फोनला जाड कव्हर असेल तर झाकण नीट बसत नाही. चार्जिंगची वायर आत न्यायला भोक नाही, काही डब्यांना असतं. प्लॅस्टिकवर ओरखडे पडून आता तो पारदर्शक कमी आणि धुरकट जास्त आहे, जे खरं तर बरंच झालं.

आकडे हवे असतील तर, डिसेंबरमध्ये स्मार्टफोनची रोजची सरासरी दीड तासाच्या आसपास होती आणि अनलॉक तिशीत. जानेवारीचा अटेम्प्ट दिलाय, निकाल यायचाय. त्यामुळे 'पास झाले, म्हणून डबा भारी' असं म्हणायची सोय नाही. परीक्षा संपल्यावर पहिले पंधरा दिवस मी डब्याला हात लावला नाही आणि सरासरी पुन्हा चार तासांवर गेली. म्हणजे सवय सुटलेली नाही. ती फक्त कोंडलेली असते.

कोणी घेऊ नये? ज्यांच्या घरात आजारी माणूस आहे आणि दुसरा फोन नाही त्यांनी अजिबात नको. ज्यांच्या टेस्ट सिरीज फोनवरच असतात त्यांना निम्मा उपयोग. होस्टेलवर रूममेटचा फोन मागायची सवय असेल तर पैसे वाया. बाकीच्यांनी घ्यायला हरकत नाही. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, अर्धा चक्तीचा कापला, एक गॅसचा.

आणि हो, सेल. दोन पेन्सिल सेल लागतात, बाहेरच्या बाजूने झाकणात घालायचे. साधे सेल महिनाभर गेले, अल्कलाइन तीन महिने. सेल मेले तर कुलूप उघडत नाही, नवे घालेपर्यंत लागलेलंच राहतं. म्हणून जोडीचे सेल घरात ठेवा. डब्यात ठेवू नका. मी ठेवले होते.