एकाच पिरॅमिडच्या आत शिरायचं असेल तर: खुफूचा, लाल की उनासचा?

इजिप्तला निघालेल्या ओळखीच्यांकडून एक प्रश्न हमखास येतो: "आत जायचं, की बाहेरूनच फोटो काढून निघायचं?" आत जायचंच, हे माझं उत्तर. पण कुठल्या पिरॅमिडच्या आत, यावर मी थोडी भांडते. टूरवाले गिझाला नेतात, तिथल्या सर्वात मोठ्या, खुफू राजाच्या पिरॅमिडचं वेगळं तिकीट काढून देतात आणि तासाभरात माणूस घामाघूम होऊन बाहेर येतो. वर म्हणतो, "आत काहीच नाही हो, एक रिकामी खोली आहे." खरंच रिकामी खोली आहे. ती खोली साडेचार हजार वर्षं चिरडली का गेली नाही, हे बघायला जायचं असतं.

माझं पोट जुन्या इमारतींचे स्लॅब आणि तुळया तपासण्यावर चालतं, त्यामुळे मला पिरॅमिड म्हटलं की एकच गणित दिसतं. डोंगराएवढ्या दगडाच्या पोटात पोकळी ठेवायची आणि वरचा भार तिच्या छतावर बसू द्यायचा नाही. याची तीन वेगवेगळी उत्तरं कैरोच्या आसपास तीन ठिकाणी आत जाऊन बघता येतात. तुम्हाला त्यातलं एकच बघायचं असेल, तर पुढचं वाचा.

आधी दहशूर, कारण सुरुवात तिथली आहे. कैरोच्या दक्षिणेला साधारण ४० किलोमीटरवर खुफूच्या वडिलांचे, स्नेफ्रूचे दोन पिरॅमिड आहेत. पहिला वाकडा. तो खालून सुमारे ५४ अंशांच्या कोनात चढवायला घेतला आणि अर्ध्याच्या जरा आधीच कोन ४३ वर आणला. बांधताबांधताच तडे जाऊ लागले, आतल्या भिंती एकमेकींकडे सरकू नयेत म्हणून देवदाराच्या तुळया आडव्या ठोकाव्या लागल्या. त्या तुळया आजही आत आहेत. साइटवर टेकू लावून काम पुढे रेटणाऱ्यांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही. त्याच राजाने मग शेजारी दुसरा पिरॅमिड पायापासूनच ४३ अंशांत घेतला. तो लाल पिरॅमिड. पाया २२० मीटर, उंची सुमारे १०५ मीटर. लाल रंग मूळचा नव्हे. वरचं, तुरा नावाच्या खाणीतल्या पांढऱ्या चुनखडीचं आवरण लोकांनी काढून नेलं आणि आतला तांबूस दगड उघडा पडला.

लाल पिरॅमिडमध्ये शिरायचं म्हणजे आधी उत्तरेच्या अंगाने जवळपास २८ मीटर बाहेरून चढायचं, मग ६० मीटरहून लांब उतरत्या बोगद्यातून खाली जायचं. बोगद्याची उंची जेमतेम मीटरभर. खाली फळ्या आणि त्यांवर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या. मी तोंड पुढे करून उतरायला लागले, दहा पावलांत मांड्या थरथरायला लागल्या. मागून येणाऱ्या पहारेकऱ्याने हातानेच खूण केली: उलटी फीर. शिडीवरून उतरतात तसं पाठमोरं उतरलं की सोपं जातं. खाली पोचलात की अमोनियाचा वास नाकात घुसतो, वटवाघळांची कृपा. पाच मिनिटांनी त्याची सवय होते, असं लोक म्हणतात. मला झाली नाही.

पण मान वर केली की वास विसरायला होतो. खोली अरुंद आणि उंची १२ मीटरच्या वर. दोन्ही लांब भिंतींचे वरचे थर एकेक करत थोडेथोडे आत सरकत गेलेत आणि माथ्यावर जवळजवळ भेटलेत. कमान नाही, कमानीच्या माथ्यावर पाचरीसारखा बसतो तो किल्लीचा दगड नाही. प्रत्येक थराचं टोक वितीच्या आसपास पुढे आलेलं आणि त्याचं शेपूट मागच्या भाराखाली दाबून धरलेलं, एवढाच हिशेब. आपल्याकडे यादवकालीन देवळाच्या सभामंडपात उभं राहून वर बघितलं, तर छताचे दगड असेच पुढेपुढे सरकलेले दिसतात. तत्त्व तेच, फक्त इथे डोक्यावर देऊळ नाही, आख्खा डोंगर आहे. अशी दुसरी खोली लगेच पुढे, बरोबर शिखराच्या खाली. तिच्या भिंतीत बऱ्याच उंचावर तिसऱ्या खोलीचं तोंड आहे, तिथे आता लाकडी जिना लावलाय. तिसरी सर्वात उंच, सुमारे १५ मीटर. शवपेटी नाही, आणि खजिना शोधणाऱ्यांनी फरशी उखडून खड्डा केलाय. त्या खड्ड्याच्या कडेचे दगड बघा. घडीव, नेटक्या सांध्यांच्या भिंतीमागे काय भरलंय, ते चोरांमुळे फुकटात दिसतं.

आता खुफू. आकडे सगळ्यांना पाठ असतात: मूळ उंची १४६ मीटरच्या वर, पाया २३० मीटर, अंदाजे २३ लाख दगड. आतली रचना मात्र बापाच्या पिरॅमिडपेक्षा गुंतागुंतीची. खरं प्रवेशद्वार वर आहे, आपण शिरतो ते त्याच्याखालच्या फोडलेल्या बोगद्यातून. नवव्या शतकातला खलिफा अल-मामून याने तो पाडला, अशी परंपरा आहे. चढती वाट बंद करणाऱ्या ग्रॅनाईटच्या बुचांना वळसा घालून हा बोगदा आत पोचतो. मग ३९ मीटर वाकून चढण, उंची सुमारे १.२ मीटर. वरून येणारे आणि खालून जाणारे एकाच वाटेने. गर्दीच्या दिवशी लोकल दादरला थांबल्यावर दारात जे होतं तेच, फक्त वाकलेल्या अवस्थेत.

आणि मग एकदम पाठ सरळ होते. मोठी गॅलरी. जवळजवळ ४७ मीटर लांब, साडेआठ मीटर उंच, दोन्ही भिंती सात टप्प्यांत आत झुकलेल्या. दहशूरच्या खोलीतलंच तंत्र, पण तिरप्या चढावर. कोणी मला विचारलं की खुफूसाठी पैसे का मोजायचे, तर मी या गॅलरीसाठी म्हणेन. राजाच्या खोलीसाठी नव्हे.

राजाची खोली साडेदहा बाय सव्वापाच मीटरची, पूर्ण ग्रॅनाईटची. हा दगड सुमारे ८०० किलोमीटरवरून, अस्वानहून नाईलमधून आणलेला. इथे त्यांनी थर सरकवण्याची युक्ती सोडली आणि सपाट छत टाकलं. नऊ प्रचंड तुळया आहेत, मिळून सुमारे ४०० टन. त्यांच्या वर एकावर एक पाच बुटक्या पोकळ्या आणि सर्वात वर तिरप्या दगडांचं छप्पर, म्हणजे भार बाजूला वळावा. याच पोकळ्यांमध्ये १८३७ साली मजुरांच्या टोळ्यांनी रंगाने लिहिलेली खुफूची नावं सापडली. पण पर्यटकाला त्यातली एकही दिसत नाही, आणि माझी तक्रार इथेच आहे. जमिनीखालची अर्धवट खोदलेली खोलीही सहसा बंदच असते. खुफूच्या पोटातली बरीचशी गंमत नकाशावर राहते. तरी एक गोष्ट उघड्या डोळ्यांनी दिसते. छताच्या दक्षिण टोकाला मोबाईलचा टॉर्च मारा, तुळयांना गेलेले तडे दिसतील. ऑफिसात असा फोटो आला असता तर मी त्याच दिवशी जागा रिकामी करायला सांगितलं असतं. हे छत मात्र अजून जागच्या जागी आहे. शवपेटीही नीट बघा. ती चढत्या वाटेपेक्षा रुंद आहे, म्हणजे ती खोली बांधतानाच आत ठेवलेली. इमारत आधी आणि फर्निचर मग, असा क्रम इथे नाही.

बाहेरचं पांढरं आवरण इथेही गेलंय. ते कसं आलं, याची मात्र चक्क नोंद आहे: २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे सापडलेल्या पपायरसवर मेरेर नावाचा मुकादम तुऱ्याच्या खाणीतून गिझापर्यंत होडीने दगड नेल्याच्या खेपा लिहून ठेवतो, दहा दिवसांत दोन-तीन. ते आवरण जागेवर बघायचं तर मात्र वाकड्या पिरॅमिडकडेच जायला हवं. तिथे बरंचसं शाबूत आहे.

तिसरं उत्तर दहशूर आणि गिझाच्या मधल्या सक्काराचं. उनास हा पाचव्या घराण्याचा शेवटचा राजा, खुफूनंतर साधारण दोनशे वर्षांनी. पिरॅमिड मूळचा ४३ मीटरच, आणि आता बाहेरून तर मुरुमाचा ढीग वाटतो. आतला भराव कच्चा होता. खोल्या मात्र खाली, जमिनीच्या पातळीखाली नेलेल्या आणि वर मोठाले चुनखडी दगड तंबूसारखे तिरपे टेकवलेले. छतावर कोरलेल्या चांदण्या, आणि भिंतींवर उभ्या ओळींत निळसर अक्षरं: राजाने मेल्यावर आकाशात कसं जायचं याचे मंत्र. पिरॅमिडच्या आत मजकूर कोरल्याचं हे सर्वात जुनं उदाहरण. खुफू आणि स्नेफ्रूच्या भिंती कोऱ्या आहेत, हे इथे आल्यावर जास्त जाणवतं. बोगदा आखूड, वाकणं थोडं. उनासचा बंद असेल तर जवळच त्याच्यानंतरच्या तेती राजाचा बघा, रचना जवळपास तीच. माझ्या आईचे गुडघे सत्तरीचे, ती फक्त इथे आत आली आणि बाहेर येऊन म्हणाली, "तुमच्या त्या मोठ्यात चित्रं नव्हती?"

तर निवड अशी करा. एकच, आणि मांड्या धडधाकट: लाल. दहशूरच्या आवाराच्या तिकिटातच आत जाता आलं, आणि तिसऱ्या खोलीत मी वीस मिनिटं एकटी होते. पुढचे दोन दिवस जिने उतरताना कठडा धरावा लागला, तेही सांगून ठेवते. बंद जागेची भीती असेल तर लाल आणि खुफू दोन्ही सोडा, उनासमध्ये नाहीतर तेतीमध्ये जा. "गिझाला गेलो आणि आत नाही गेलो" हे आयुष्यभर सलणार असेल तर खुफूच घ्या, पण सकाळी दार उघडतानाच रांगेत उभे राहा, पाठीवरची सॅक गाडीत ठेवा आणि गॅलरीत जितकं रेंगाळू देतील तितकं रेंगाळा.

दोन दिवस हाताशी असतील तर पहिल्या दिवशी दहशूर, परतताना सक्कारा, आणि दुसऱ्या सकाळी गिझा. टूरवाला उलटा क्रम सुचवेल, कारण त्याला गिझाचं दुकान आधी उरकायचं असतं.