समुद्राला भिंत घालावी की जागा सोडावी?

किनाऱ्यालगत जमीन, दरवर्षी थोडी थोडी धूप. भिंत बांधू की घर मागे घेऊ, असं एका मैत्रिणीने विचारलं.

आधी खर्च. भिंतीचा खर्च एकदाच होतो असं वाटतं, पण तसं नसतं. लाट भिंतीवर आपटून फिरते तेव्हा पायथ्याची वाळू ओढून नेते. पाया उघडा पडतो, दगड ओतावे लागतात, पुळण, म्हणजे किनाऱ्याचा वाळूचा पट्टा, अरुंद होत जाते. भिंत संपते तिथे शेजाऱ्याची जमीन आणखी वेगाने खचते. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

मागे सरकण्यात जमीन अडकते, हा त्याचा मोठा खर्च. धूप वर्षाला अर्धा मीटर आणि घराचं आयुष्य ६० वर्षं धरलं, तर किमान ३० मीटर सोडा. वादळासाठी वर आणखी. त्या पट्ट्यातल्या वाळूच्या टेकड्यांना हात लावायचा नाही. वाळूवर पसरणारी मर्यादवेल पेराशी मुळं धरते आणि उडती वाळू अडवते. वादळात टेकडीची कड तुटते, वाळू उथळ पाण्यात बांधासारखी साचते, लाटा तिथेच फुटतात. समुद्र शांत झाला की बरीचशी वाळू परत येते. मात्र धरणांनी किंवा वाळूउपशाने पुरवठा तोडला असेल, तर हे चक्र लंगडं पडतं.

मेहनत दोन्हीकडे आहेच.

बंदर, दाट जुनी वस्ती, हलवता न येणारा रस्ता असेल तर भिंत घाला. जमीन मोकळी असेल, घर अजून कागदावरच असेल, तर नि:शंक मागे सरका.