स्वस्तातलं पिस्तूल, ‘सुभेदारसाहेब’ आणि माझ्या परवान्याची झेरॉक्स

२०२३ च्या उन्हाळ्यात सेकंड हँड पिस्तुलाच्या नावाखाली माझे ४९ हजार ५०० रुपये गेले. पैशांचं दुःख आता बरंच ओसरलंय. त्याच व्यवहारात मी आणखी एक गोष्ट स्वतःच्या हाताने देऊन बसलो आणि ती अजून परत आलेली नाही. हे लिहितोय ते तिच्यासाठी.

लासलगावात आमची कांद्याची आडत आहे. वडिलांना एकदा रात्री विंचूर रस्त्यावर दोघांनी अडवलं होतं. पैशाची पिशवी वाचली, पण वडील महिनाभर धड झोपले नाहीत. तेव्हाच मी शस्त्र परवान्यासाठी अर्ज केला. पोलीस अहवाल, प्रशिक्षणाचा दाखला, कलेक्टर कचेरीतल्या गृह शाखेच्या चकरा असं सगळं करून दोन वर्षांनी परवाना हातात पडला. शस्त्र घेऊन तपासणीला दाखवायची तारीख परवान्यावरच लिहिलेली असते. ती जवळ येत चालली होती आणि पिस्तूल अजून ठरत नव्हतं.

९ एमएम आपल्याला मिळतच नाही, ते प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्य परवान्यावर न मिळणाऱ्या नळीच्या मापात येतं. परदेशी पिस्तुलांची आयात ऐंशीच्या दशकापासून सामान्य माणसासाठी बंद आहे, म्हणून जुन्या विलायती पॉइंट ३२ बोअरच्या पिस्तुलाला लोक कित्येक लाख मागतात. माझ्यासारख्याच्या आवाक्यातलं म्हणजे ईशापूरच्या सरकारी रायफल फॅक्टरीचं पॉइंट ३२ चंच ‘अशनी’ पिस्तूल. तेही नवीन घ्यायचं तर २८ टक्के जीएसटी धरून लाखाच्या वर जात होतं. म्हटलं, वापरलेलं पाहू.

परवानाधारकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी विचारलं, ‘अशनी कोणी वापरतंय का, कसं आहे?’ उत्तरं भरपूर आली. कोणी म्हणालं ट्रिगर जरा कडक आहे, कोणी म्हणालं मॅगझिन स्वच्छ ठेवा म्हणजे गोळी अडकणार नाही, कोणी म्हणालं ऐपत असेल तर थांबा आणि दुसरं बघा. तिघांनी मात्र तोंड भरून कौतुक केलं. ‘दहा वर्षं झाली, एकदाही दगा दिला नाही.’ हे तिन्ही नंबर एकाच माणसाचे होते, हे पुढे पोलिसांकडून कळलं. कडक ट्रिगरबद्दल लिहिणारे खरे मालक होते. त्यांचं बोलणं मला तेव्हा कुरकुरीसारखं वाटलं.

त्या तिघांपैकी एकाने रात्री स्वतंत्र मेसेज केला. सातारा जिल्ह्यातले निवृत्त सुभेदार म्हणून ओळख दिली. आवाज वयस्कर, बोलणं मायाळू. ‘नवीन कायद्याने दोनच हत्यारं ठेवता येतात, माझ्याकडे तीन आहेत. तिसरं चांगल्या घरी जावं एवढीच इच्छा. पासष्ट हजार द्या.’ परवान्याचा फोटो, पिस्तुलाचा फोटो, नंबर स्पष्ट दिसेल असा, सगळं आलं. मी साताऱ्याला येतो म्हटलं तर म्हणाले, मुलीकडे बंगळुरूला आलोय, भाचा पार्सल करेल. मग माझ्याकडून परवान्याची सगळी पानं आणि आधार कार्ड मागितलं. ‘हस्तांतरणाच्या अर्जाला जोडायचंय, साहेब.’ मी पाठवून दिलं.

आधी १५ हजार बयाणा, चार दिवसांनी १२ हजार ५०० ‘हस्तांतरण शुल्क’. मग एका संध्याकाळी २२ हजार ‘वाहतूक परवान्याची अनामत’, ती म्हणे परत मिळणार होती. तिन्ही रकमा यूपीआयने, तीन वेगळ्या नावांवर. नावं वेगळी का, असं मी विचारलं होतं. भाचा, जावई आणि क्लार्क, असं उत्तर मिळालं.

त्याच संध्याकाळी ते सहज बोलून गेले, ‘माझ्या रिव्हॉल्व्हरच्या वीस गोळ्या शिल्लक आहेत, दोन्ही पॉइंट ३२ च, त्या पिस्तुलासोबत तुम्हाला देऊन टाकतो.’ मला आनंद झाला. सकाळी नाशिकच्या गन हाऊसमध्ये कव्हर बघायला गेलो आणि तिथल्या काकांना ही गोष्ट सांगितली. त्यांनी चष्मा काढून ठेवला. ‘दादा, किती पैसे दिले?’ एवढंच विचारलं.

रिव्हॉल्व्हरची पॉइंट ३२ आणि पिस्तुलाची पॉइंट ३२ ही नावापुरती सारखी. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची पुंगळी २३ मिलिमीटर लांब, पिस्तुलाची १७. रिव्हॉल्व्हरचं काडतूस पिस्तुलात चालतच नाही. ज्याच्याकडे दोन्ही हत्यारं आहेत तो माणूस ही चूक झोपेतही करणार नाही. शिवाय काडतुसं अशी खिशातून काढून द्यायची वस्तू नाही. ती परवान्यावर नोंद करूनच घ्यावी लागतात.

मग काकांनी एकेक उलगडलं. शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे विकणाऱ्याने घेणाऱ्याचं नाव-पत्ता देऊन जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावं लागतं. मला आठ दिवसांत पिस्तूल घरपोच मिळणार होतं! तिसऱ्या हत्याराची सबबही शिळी होती. २०१९ च्या दुरुस्तीने जास्तीचं हत्यार जमा करायला एक वर्ष दिलं होतं, ते २०२० च्या डिसेंबरातच संपलं. २०२३ मध्ये कोणी ‘तिसरं काढायचंय’ म्हणत असेल तर तो एक तर खोटं बोलतोय किंवा बेकायदा हत्यार बाळगून आहे. दोन्हीकडे आपण अडकतो. खरा विकणारा असेल तर तो पिस्तूल परवानाधारक दुकानात ठेवतो, आपण तिथे जाऊन हातात घेऊन बघतो आणि नंबर त्याच्या परवान्याशी ताडून पाहतो.

दुकानातूनच मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला. आदल्या संध्याकाळच्या २२ हजारांपैकी ९ हजार त्या खात्यात अडकवता आले. बाकीचे निघून गेले होते. गुन्हा दाखल झाला, कलम ४२० आणि आयटी कायद्याचं ६६ ड. ते ९ हजार कोर्टाच्या आदेशाने सात महिन्यांनी मिळाले.

तपासात कळलं की परवान्याचा फोटो खरा होता. विदर्भातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा. अधिकाऱ्यांनी माझ्यासमोरच त्यांना फोन लावला. त्यांचं पिस्तूल त्यांच्या घरीच होतं. कधीतरी विकायचा विचार आला, तेव्हा ‘गिऱ्हाईक’ म्हणून फोन करणाऱ्या कोणाला तरी त्यांनी कागद पाठवले होते. मी बोललो तेव्हा ते म्हणाले, ‘बाबू, माझ्या नावावर फसलेला तू चौथा.’ त्यांचा आवाज थरथरत होता.

तिथून घरी येईपर्यंत मला उमगलं की आता माझेही कागद त्याच माणसाकडे आहेत. मी पोलीस ठाण्यात आणि गृह शाखेत तसा लेखी अर्ज देऊन पोच घेतली आहे. पण फोटो फिरायचा थांबत नाही. म्हणून सांगतो, नाशिक जिल्ह्यातला, कांदा व्यापाऱ्याच्या नावाचा, निळ्या चौकडीच्या शर्टातल्या फोटोचा परवाना दाखवून कोणी तुम्हाला पिस्तूल विकत असेल तर एक रुपयाही देऊ नका. तो परवाना माझा आहे. मी काहीही विकत नाही.