जुन्या गाडीचा गंज आणि गळती: पावसाळा काढल्यावर काय टिकलं, काय नाही

आधी निकाल सांगतो, तपशील नंतर. वेल्डिंग करून बसवलेला पत्रा जसाच्या तसा आहे. डिकीत स्टेपनीच्या खळग्याला इपॉक्सीचं (दोन भाग मिसळल्यावर कडक होणाऱ्या रेझिनचं) ठिगळ लावलं, तेही पक्कं. सीम सीलरला, म्हणजे पत्र्याचे सांधे बुजवायच्या पेस्टला, पैकीच्या पैकी मार्क. रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजावर लावायचा द्रव, काठावर पास. आणि मागच्या व्हील आर्चवर (चाकावरच्या कमानीवर) आधीच्या मालकाने भरून घेतलेली लांबी, म्हणजे पुट्टी, पावसाळा संपायच्या आत फुगली.

गाडी विशीला टेकलेली, इंजिन ठणठणीत, पत्रा मात्र जागोजागी थकलेला. अशा गाडीत लोक थेट भोकांच्या मागे लागतात. पण भोक हा आजाराचा शेवटचा टप्पा. पाणी कुठेतरी मुरतं, तिथे महिनोन्महिने ओल राहते, पत्रा आतून खाल्ला जातो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून रंग उचलला जातो आणि बाहेर फोड दिसतो. तोवर मागे पत्रा नावालाच उरलेला असतो. पाणी कुठून येतं ते न शोधता ठिगळ लावलं, तर ठिगळाच्या शेजारी नवीन भोक पडणार हे ठरलेलं. त्यामुळे माझा निम्म्याहून जास्त वेळ गळती शोधण्यात गेला, आणि तो सत्कारणी लागला.

गाडीतलं सगळं पाणी पावसाचं नसतं, हे आधी तपासून घ्यावं. कडक उन्हात एसी चालवल्यावर पायाशी ओल आली, तर एसीच्या पाण्याची नळी तुंबलेली असते. ओल चिकट असेल, गोडसर वास येत असेल आणि पुढच्या काचेवर आतून तेलकट धुरकटपणा धरत असेल, तर हीटरच्या कोअरमधून, म्हणजे केबिन गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरमधून, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) गळतंय. त्याला सीलर लावून काही होणार नाही. माझ्याकडे स्वच्छ पाणी होतं, आणि फक्त पावसानंतर.

कार्पेटवर हात फिरवून काही कळत नाही. वरचा थर कोरडा लागतो. माझं कार्पेट सीटचे बोल्ट काढून उचललं, खालचा जाड फोम दाबला, तर बोटांमधून पाणी ओघळलं. या फोममुळे फ्लोअरचा पत्रा पाऊस संपल्यावरही कितीतरी दिवस ओला राहतो. कार्पेट जागेवर ठेवून पंखा लावणं म्हणजे स्वतःची समजूत घालणं. बाहेर काढूनच वाळवावं लागतं, आणि फोम वाळायला तुम्हाला वाटतं त्याच्या दुप्पट वेळ लागतो.

पाण्याची चाचणी दोघांनी करायची. एक जण आत टॉर्च घेऊन, दुसरा बाहेर पाइप घेऊन. प्रेशर वॉशर नको, तो चांगल्या रबरातूनही पाणी आत ढकलतो. साधी धार, आणि सुरुवात खालून. आधी दाराचा खालचा भाग, मग काचेची कड, मग छप्पर. प्रत्येक ठिकाणी काही मिनिटं थांबायचं. थेट छपरावर पाणी सोडलं की ते सगळ्या फटींवरून ओघळतं, आणि नेमकी कुठली फट दोषी ते कळत नाही. संशयाच्या जागा कोरड्या करून टाल्कम पावडर भुरभुरली, तर पाण्याची वाट स्पष्ट उमटते. पाणी जिथे टपकतं तिथून ते आत आलेलं असतंच असं नाही, वायरिंगच्या कडेकडेने बरंच लांबून येतं.

दुसरी युक्ती साबणाची. काचा बंद, ब्लोअर पूर्ण वेगात, हवा बाहेरून घेण्याच्या सेटिंगवर. बाहेरून रबरांवर साबणाचं पाणी मारलं की फटीतून बुडबुडे येतात. केबिनमधली हवा मागच्या बंपरआडच्या झडपांतून निघून जाते, म्हणून त्यांवर तात्पुरती टेप लावली की बुडबुडे जास्त ठळक दिसतात. त्या झडपांचं रबरही तेव्हाच बघून घ्यावं, डिकीत पाणी येण्याची ती एक विसरली जाणारी वाट आहे.

माझ्या गाडीत मुख्य वाटा तीन निघाल्या. पहिली वायपरखालच्या खोलगट पन्हळीतली. तिथे पानं कुजून चिखल झाला होता, निचऱ्याचं तोंड बंद, आणि साचलेलं पाणी ब्लोअरच्या हवेच्या तोंडातून आत. हाताने गाळ काढला, विषय संपला. दुसरी मागच्या लाइटच्या गास्केटची. नवं गास्केट बसवलं, नट हातानेच घट्ट केले. जास्त आवळले तर प्लॅस्टिकला तडा जातो.

तिसरी वाट दारातली, आणि ती बहुतेकांना पटत नाही. दाराच्या आत पाणी जाणं हा दोष नाहीच. काचेच्या रबराजवळून ते आत उतरणार आणि खालच्या भोकांतून बाहेर पडणार, अशीच दाराची रचना असते. केबिन कोरडी राहते ती आतल्या पॅनेलमागच्या प्लॅस्टिकच्या पडद्यामुळे. कधीतरी कुणी काचेच्या मशीनसाठी पॅनेल उघडतं, पडदा फाडतं आणि पार्सलच्या टेपने कसाबसा चिकटवतं. माझ्या गाडीत नेमकं तेच झालं होतं. टेप सुटून पडद्याची खालची कड केबिनच्या बाजूला आली होती, आणि तिच्यावरून पाणी निमूटपणे कार्पेटखाली उतरत होतं. जुना चिकटा काढून ब्युटाइल टेपने (चिकट रबरी पट्टीने) पडदा पुन्हा लावला, खालची कड दाराच्या आतल्या बाजूला खोचली. निचऱ्याची भोकं प्लॅस्टिकच्या केबल टायने मोकळी केली. स्क्रू ड्रायव्हर घातला की रंग खरवडतो आणि तिथूनच गंज सुरू होतो.

पुढच्या काचेच्या कोपऱ्यात आधी कुणीतरी बाथरूमचं सिलिकॉन फासलं होतं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं, ते उघड्या पत्र्याला बाधतं, आणि सिलिकॉनवर रंगही धरत नाही. ते खरवडून काढताना खाली तपकिरी भुगा निघाला. बॉडीच्या सांध्यांना पॉलियुरेथेनचा सीम सीलरच घ्यावा, तोही प्रायमर मारलेल्या पत्र्यावर. सुकल्यावरही तो लवचिक राहतो, गाडी खड्ड्यातून गेली तरी चिरत नाही. या सगळ्या खर्चात मला सर्वांत पटलेली वस्तू तीच.

आता गंज. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने खालून ठोकत जायचं. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. फडक्यात गुंडाळलेला चुंबक फिरवला की लांबी जिथे जाड भरली आहे तिथे तो धरत नाही. शंका आली की टोच्याने दाबून बघायचं, दयामाया न दाखवता. दाराखालच्या पोकळ पट्टीला, म्हणजे सिलला, खालून काळं रबरी कोटिंग होतं, दिसायला अगदी नवं. टोच्या टेकवला आणि मुठीपर्यंत आत गेला. कोटिंग भाकरीच्या पापुद्र्यासारखं सुटून हातात आलं. आत वर्तमानपत्राचा बोळा, त्यावर लांबी. गंजलेल्या पत्र्यावर मारलेलं असं कडक कोटिंग ओल आत कोंडून ठेवतं, म्हणून जुनी गाडी घेताना खालून ताजं काळं कोटिंग दिसलं तर खूश होऊ नये.

सिल, जॅक लावायच्या जागा, सीट आणि सीटबेल्टचे बोल्ट, सस्पेन्शनचे आधार, चेसिस: इथे फायबर, लांबी, रिव्हेट काही चालत नाही. अपघातात याच भागांवर भार येतो. सिल मी वेल्डरकडून करून घेतली आणि पूर्ण वेळ शेजारी उभा राहिलो. चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापायचं, सडक्या कडेला वेल्ड धरतच नाही. बॉडीचा पत्रा साधारण 0.7 ते 1 मिमी असतो, नवाही त्याच जाडीचा. सलग वेल्ड ओढला तर पत्रा वाकडा होतो, म्हणून लांब लांब टाके आणि मधे थंड व्हायला वेळ. बॅटरी सोडवलेली, कार्पेट बाहेर, मागच्या बाजूला वायर किंवा इंधनाची नळी नाही याची खात्री, आणि अग्निशामक हाताशी.

स्टेपनीच्या खळग्यात टाचणीएवढी भोकं होती आणि तिथे भार येत नाही, म्हणून ते काम घरी केलं. वायर ब्रश, 80 नंबरचा पॉलिश पेपर, ॲसिटोनने पुसणं, मग इपॉक्सी आणि विणलेलं फायबर कापड. पॉलिस्टरपेक्षा इपॉक्सी लोखंडाला जास्त चांगलं धरतं. कापड विणलेलंच घ्यावं. सुट्या तंतूंच्या मॅटमधला चिकटा सहसा पॉलिस्टर रेझिनमधल्या स्टायरिनने विरघळतो, इपॉक्सीत तसा विरघळत नाही. साधी लांबी भोकावर भरणं हा प्रकारच चुकीचा, ती मागून पाणी शोषते. लांबी पृष्ठभाग सपाट करायला असते, भोक बुजवायला नाही.

कन्व्हर्टरबद्दल जाहिरातीत बरंच काही असतं. त्यातलं टॅनिक किंवा फॉस्फरिक ॲसिड पातळ, घट्ट धरलेल्या गंजाला स्थिर संयुगात बदलतं. फ्लोअरच्या सपाट भागावर तो काळा थर अजून शाबूत आहे. जिथे पत्र्याचे दोन थर दुमडलेले आहेत तिथे मात्र पुन्हा तपकिरी रेघ उमटली, कारण द्रव तिथे आतपर्यंत पोचतच नाही. प्रायमरही साधा एक डब्याचा, म्हणजे हार्डनर न मिसळता मारायचा, असेल तर तो ओल शोषतो. त्यावर रंग न मारता गाडी पावसात फिरवू नये. मी इपॉक्सी प्रायमर वापरला. रंगाबद्दल बोलण्यासारखं काही नाही, जवळून पाहिलं की शेड वेगळी कळते.

वेल्डिंगने सिलच्या आतला रंग जळतो आणि परतणारा गंज तिथूनच येतो. म्हणून पोकळीत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स मारला. हा मऊच राहतो आणि सांध्यांत पसरतो. उन्हात निचऱ्याच्या भोकांतून थेंब गळतात, काही दिवस गाडीत वास राहतो, दोन्ही सहन करण्यासारखं. फवारल्यावर भोकं बुजली नाहीत ना हे तेवढं बघावं.

राहिला तो मागचा व्हील आर्च. तिथे बाहेरचा आणि आतला पत्रा एकमेकांवर दाबलेले असतात आणि आतल्या ओठावर चिखल साचतो, त्यामुळे फक्त बाहेरून ठिगळ लावण्यात अर्थ नाही. दोन्ही थर कापून नवीन पत्रा घालायचा, असं वेल्डरशी बोलून ठेवलंय, पुढच्या पावसाच्या आधी. तोवर दर धुण्याला तो ओठ बोटाने साफ करतो आणि फुगलेल्या जागेवर वॅक्सचा हात मारून ठेवतो.